‘जन्मठेप’ आणि चौदा वर्षे
‘कैद’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ बेडी किंवा बंधन असा आहे. ‘तुरुंग’ मात्र पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ झाडाचे खोड आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकवण्याचा लाकडी खोडा. म्हणूनच आपण कैद भोगतो आणि तुरुंगात जातो. या जुन्या शब्दांनी फारसा गोंधळ केलेला नाही. गोंधळ आहे तो ‘जन्मठेप’ या शब्दाचा.

१८६०च्या दंड संहितेत जन्मभराची शिक्षा म्हणजे काळे पाणी होते. १९५५च्या दुरुस्तीने ते शब्द काढले आणि १ जानेवारी १९५६पासून त्यांच्या जागी जन्मठेप आली. तरीही ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ हा समज बोलण्यात इतका रुजला आहे की तोच कायदा वाटतो. त्याचे एक मूळ कलम ५५मध्ये दिसते. कैद्याच्या संमतीशिवायही सरकार जन्मठेप चौदा वर्षांपर्यंतच्या कैदेत बदलू शकते, असे ते कलम सांगत होते. हा सरकारचा अधिकार होता, शिक्षेची मुदत नव्हे. कलम ५७मधील वीस वर्षांचा आकडाही असाच फसवा आहे, कारण तो केवळ शिक्षेचा अंश (जसे निम्मी शिक्षा) काढण्याच्या हिशेबापुरता होता. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य, आणि तुरुंगात जमा झालेल्या शिक्षेतील सवलतीच्या दिवसांनी कैदी आपोआप मोकळा होत नाही. त्यासाठी सरकारचा आदेश लागतो.

१९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम आले. ज्या गुन्ह्याला फाशीचाही पर्याय आहे त्यातील जन्मठेपेच्या कैद्याला, किंवा ज्याची फाशी जन्मठेपेत बदलली आहे त्याला, प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्याशिवाय सोडता येणार नाही, असा त्याचा आशय होता. येथे चौदा ही किमान मर्यादा आहे. लोकांनी मात्र ती कमाल मानली, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच आहे. बातमीत ‘चौदा वर्षांची जन्मठेप’ असे छापले की पीडिताच्या घरचे हताश होतात आणि कैद्याच्या घरचे चौदावे वर्ष सुटकेचे समजून दिवस मोजू लागतात.

२०१३च्या दुरुस्तीने बलात्काराच्या काही कलमांत ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर’ असे शब्द घातले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या दंड संहितेत, म्हणजे भारतीय न्याय संहितेत, वीस वर्षांचा हिशेब कायम आहे आणि चौदा वर्षांची किमान अटही नव्या प्रक्रिया संहितेत उतरली आहे.