नव्या पंथांचा अभ्यास : अंश दिसतो, छेद शोधावा लागतो

१९७० च्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत एकाच साच्याच्या बातम्या येत होत्या. चांगल्या घरातला, शिकलेला मुलगा एखाद्या शिबिराला जातो आणि काही आठवड्यांत घर, शिक्षण, मित्र सगळं सोडून पंथाचा होऊन जातो. ‘आमच्या मुलाच्या डोक्याचं यांनी केलं तरी काय?’ असं आईवडील विचारत, आणि उत्तर तयारच असे : ब्रेनवॉशिंग. हा शब्द १९५० मध्ये एडवर्ड हंटर या अमेरिकन पत्रकाराने चिनी कम्युनिस्टांविषयी लिहिताना रूढ केला होता. पुढे तो कोरियन युद्धातल्या कैद्यांसाठी वापरला गेला, आणि तिथून उचलून थेट शिबिराला स्वतःच्या पायांनी गेलेल्या तरुणांना लावला गेला.

हे उत्तर तपासायचं कसं? पंथात राहिलेले लोक दिसतात, बाहेर पडून मुलाखती देणारे दिसतात. शिबिराला जाऊन, जेवून, दोन व्याख्यानं ऐकून घरी परतलेला माणूस मात्र कुणालाच दिसत नाही. अपूर्णांकाचा अंश समोर आहे आणि छेद गायब आहे. या अभ्यासशाखेतलं सर्वांत मोलाचं काम हा छेद शोधण्याचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी तो शोधला. कोरियन धर्मगुरू सन म्यंग मून यांच्या युनिफिकेशन चर्चने, म्हणजे लोक ज्यांना ‘मूनी’ म्हणत त्या पंथाने, आपला अभ्यास करण्याविषयी त्यांना विचारलं. बार्कर यांनी अटी घातल्या : सदस्यांची संपूर्ण यादी मिळाली पाहिजे, मुलाखतीसाठी माणसं मी निवडणार, आणि अभ्यासाचा पैसा पंथाकडून येणार नाही. पहिली अट वरवर किरकोळ वाटते, पण सगळं तिच्यावर उभं आहे. पंथानेच माणसं निवडून पुढे केली तर उत्साही आणि बोलघेवडी माणसंच समोर येतात. यादीतून चिठ्ठी टाकल्यासारखी नावं काढली की कुरकुरणारे, कंटाळलेले, अर्धवट मनाने राहिलेले लोकही हाती लागतात.

मग त्यांनी शिबिरांच्या नोंदी तपासल्या. १९७९ मध्ये लंडन परिसरातल्या निवासी शिबिरांना हजारावर लोक गेले होते. त्यांपैकी सुमारे ९० टक्के पंथात आलेच नाहीत, आणि जे आले त्यांतले बहुसंख्य दोन वर्षांच्या आत स्वतःहून बाहेर पडले. म्हणजे हजारांतून शंभर, आणि शंभरातून पन्नासहून कमी. मनावर ताबा मिळवणारं एखादं अमोघ तंत्र शिबिरात असतं, तर तेच जेवण, तीच अपुरी झोप आणि तीच व्याख्यानं मिळालेले नव्वद टक्के लोक सुटले कसे?

अर्थात एवढ्यावर ‘सगळं स्वेच्छेचं होतं’ असं म्हणता येत नाही. कोण राहिलं आणि का, हे पाहायला तीन गट लागतात : पंथातले, शिबिर करून परतलेले, आणि त्याच वयाचे व तशाच घरांतले पण पंथाशी काही संबंध नसलेले. हा तिसरा गट वगळला की हमखास घोटाळा होतो. ‘सदस्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात पोकळी वाटत होती’ असं एखादा संशोधक लिहितो, वाचक मान डोलावतात. पण विशीतल्या कुणालाही विचारून पाहा. संबंध नसलेल्यांतही तितक्याच जणांना पोकळी वाटत असेल, तर ते पंथात येण्याचं कारण ठरत नाही.

लोक येतात कशाने, याचं एक उत्तर याच पंथाच्या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या काळात मिळालं. जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञांनी तिथे एक छोटा गट जवळून पाहिला आणि १९६५ मध्ये मांडलं की शिकवण पटण्याच्या आधी माणसं जोडली जातात. आत कुणाशी मैत्री जमलेली आणि बाहेरची नाती सैल झालेली, असा माणूस टिकतो. पुढे स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज यांनी १९८० मध्ये मॉर्मन या अमेरिकेत उगवलेल्या पंथाच्या प्रचारकांच्या नोंदी वापरल्या. अनोळखी दार ठोठावून केलेल्या प्रचारातून हजारात एखादाच माणूस हाती लागत होता. तीच पहिली भेट मॉर्मन मित्राच्या घरी झाली की जवळजवळ निम्मे लोक पंथात येत होते.

मुलाखतीत यासाठी एक पथ्य पाळावं लागतं. ‘तुम्ही पंथात का आलात?’ हा प्रश्न पहिला विचारायचा नाही. त्याचं उत्तर पंथाच्या भाषेत पाठ झालेलं असतं, कारण आत आल्यावर माणूस आपलं मागचं आयुष्य नव्या शिकवणीच्या उजेडात पुन्हा रचतो. त्याऐवजी विचारायचं : पहिल्यांदा कुणाबरोबर गेलात, कोणता वार होता, घरी कुणाला सांगितलंत, नोकरी कधी सोडलीत? या तारखा जुनी पत्रं, रोजनिशी आणि शिबिराच्या हजेरीपटाशी ताडून पाहायच्या. कितीदा तरी असं निघतं की ‘साक्षात्कार’ मैत्रीच्या काही महिने नंतरचा असतो.

सोडून गेलेल्यांची साक्षही अशीच तपासून घ्यावी लागते. सत्तरच्या दशकात मुलांना पळवून, कोंडून त्यांचं ‘डिप्रोग्रॅमिंग’, म्हणजे पंथाचा पगडा जबरदस्तीने उतरवणं, करण्याचा धंदा चालत असे. त्यातून बाहेर काढलेली माणसं आपल्यावर ब्रेनवॉशिंग झाल्याचं जास्त ठामपणे सांगत. समाजशास्त्रज्ञ स्टुअर्ट राइट यांनी स्वतःहून बाहेर पडलेल्या ४५ जणांशी बोलून पाहिलं, तर तसं म्हणणारे जेमतेम नऊ टक्के निघाले. या अनुभवाने शहाणपण आलं, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. बाहेर पडण्याची वाट निराळी असली की मागे वळून दिसणारं चित्रही निराळं असतं. म्हणून एका दाव्यासाठी आजचा सदस्य, माजी सदस्य आणि कागदपत्र, अशा तिन्हीकडे जावं लागतं.

ओळख लपवून आत शिरण्याचा मार्ग मोहक असतो, पण निष्कर्ष बिघडवतो. २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार असं मानणाऱ्या शिकागोजवळच्या एका छोट्या गटात मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांचे निरीक्षक असेच गेले. प्रवेश मिळावा म्हणून त्यांतल्या काहींनी गूढ अनुभवांच्या गोष्टी रचून सांगितल्या. गटाने त्या आपल्या श्रद्धेचा पुरावा म्हणून झेलल्या! मूठभर माणसांच्या घोळक्यात अशी चार माणसं वाढली की आपण जे मोजतोय ते आपणच घडवलेलं असतं.

उलट दिशेची चूक जपानमध्ये झाली. २० मार्च १९९५ ला ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला. मे महिन्यात काही अमेरिकन अभ्यासक धर्मस्वातंत्र्याच्या काळजीने तिथे गेले, आणि प्रवासखर्च पंथाने केला. पंथाने सरीन आपल्याच आवारात तयार केला होता आणि सामान्य सदस्यांना त्याचा पत्ता नव्हता. अशा ठिकाणी पाहुण्याला फक्त दर्शनी दालन दिसतं. बार्कर यांची पैशाची अट इथे किती कामाची होती, हे वेगळं सांगायला नको.

अभ्यासकांचं ऐकलं जात नाही तेव्हाही माणसं मरतात. १९९३ मध्ये टेक्सासमधल्या वेकोजवळ ब्रांच डेव्हिडियन पंथाला अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणांनी ५१ दिवस वेढा घातला. त्यांचे नेते डेव्हिड कोरेश तासन्‌तास बायबलमधल्या सात मोहरांवर, म्हणजे जगाच्या अंताविषयीच्या ग्रंथावरच्या सात शिक्क्यांवर बोलत, आणि एफबीआयचे वाटाघाटी करणारे त्याला निरर्थक बडबड समजत. जेम्स टेबर आणि फिलिप अर्नोल्ड या धर्म-अभ्यासकांनी त्याच परिभाषेत, आताच अंत येण्याची गरज नाही असा अर्थ पुढे ठेवला. १४ एप्रिलला कोरेश यांनी कळवलं, की मोहरांवरचं भाष्य लिहून झालं की मी बाहेर येईन. १९ एप्रिलला अश्रुधुराचा मारा सुरू झाला, आग लागली आणि ७६ जण गेले. आगीतून वाचलेल्या एका स्त्रीजवळ संगणकाची एक डिस्क निघाली. तिच्यात पहिल्या मोहरेचं भाष्य पूर्ण होतं.

१९८८ मध्ये बार्कर यांनी लंडनमध्ये ‘इन्फॉर्म’ ही संस्था काढली. घाबरलेल्या नातेवाइकांना तिथे ‘कल्ट आहे की नाही’ असा शिक्का मिळत नाही. हा गट राहतो कुठे, पैसा कसा गोळा करतो, आजारपणात डॉक्टरकडे नेतो का, अशी माहिती मिळते. मुलाशी भांडण करून संबंध तोडू नका, असंही सांगितलं जातं. बहुतेक जण आपणहून परततात आणि परतताना घराचं दार उघडं असावं लागतं.

आता प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. पंथातच जन्मलेल्या मुलाला कुठलं शिबिर नसतं, होकार देण्याचा दिवसही नसतो. १९७९ चा छेद त्याला लागू पडत नाही. इथे जन्मनोंदी, शाळेचे दाखले आणि अठरा वर्षांनंतर कोण कुठे राहतंय, अशी मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.