दाढी, बोअरचं पाणी आणि मिलिमीटरचे दशांश

इंदूरच्या मराठी घरांत सध्या एक उलटा प्रकार दिसतो. वडिलांच्या पिढीने जो दोन धारांचा सेफ्टी रेझर अडगळीत टाकला, तोच आता तिशीतली मुलं मोबाइलवर निवडत बसतात आणि कुठला घेऊ म्हणून काकांना विचारतात. रामबागेतले काका पेपरातून डोकं वर न काढता सांगतात, "कुठलाही घे रे, ब्लेड तेवढं चांगलं टाक." काकांचं अर्धं बरोबर आहे.

बरोबर अर्धं असं, की ब्लेड सगळ्यांना तेच लागतं. किंग कॅम्प जिलेट याने १९०१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९०४ मध्ये ते मिळालं. कल्पना त्याची असली तरी कागदासारख्या पातळ पोलादी पट्टीला कडकपणा आणि धार देण्याचं कोडं सोडवलं ते एमआयटी या अमेरिकी तंत्रसंस्थेत शिकलेल्या विल्यम निकरसन या इंजिनिअरने. आजही ब्लेड सुमारे ४३ मिलिमीटर लांब, २२ रुंद आणि ०.१ जाड असतं. भारतात बनलेलं असो की जपानमध्ये, ते जर्मन रेझरमध्येही बसतं आणि राजवाड्यामागच्या दुकानातून घेतलेल्या साध्या रेझरमध्येही. वापरण्याच्या वस्तूंत इतकी सलोख्याची मापं क्वचितच सापडतात. मोबाइलच्या चार्जरलाही ती जमायला किती वर्षं गेली!

काकांचं चुकतं ते इथे, की रेझर म्हणजे ब्लेडला धरणारा हात आहे आणि सगळे हात सारखे नसतात.

टेबलाच्या कडेबाहेर फूटपट्टी धरून तिचं टोक दाबून पाहा. थोडीच बाहेर असेल तर हलत नाही, जास्त बाहेर काढली की थरथरते. एका बाजूने पकडलेल्या पट्टीचं वाकणं बाहेर आलेल्या लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. म्हणजे लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच जोराला पट्टी आठपट वाकते. ब्लेडवर बसणाऱ्या रेझरच्या टोपणाखालून धारेचा जो भाग मोकळा सुटतो, त्याला हाच नियम लागू होतो. ब्लेड धारेच्या अगदी जवळ आवळलेलं असेल तर ते केसावर ठाम राहतं. लांबवर मोकळं असेल तर केसाला अडखळून कंप पावतं आणि तो कंप गालाला ओरखड्यांच्या रूपात कळतो. ब्लेडला पाठीवर कमान देऊन बसवतात तेही यासाठीच. वाकवलेली पातळ पट्टी सपाट पट्टीपेक्षा ताठ असते.

खरेदी करताना पाहायच्या गोष्टी दोन. पहिली, धार आणि तिच्याखालची संरक्षक पट्टी, म्हणजे सेफ्टी बार, यांच्यातली फट. इंग्रजी जाहिरातींत तिला ब्लेड गॅप म्हणतात. साधारण ०.६-०.७ मिलिमीटरच्या आसपास असेल तर रेझर सौम्य समजायचा. फट १ मिलिमीटरच्या वर गेली की तो अ‍ॅग्रेसिव्ह, म्हणजे तिखट. दुसरी गोष्ट बहुतेक दुकानदार सांगतच नाहीत, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची. टोपणाची कड आणि सेफ्टी बार यांना एकाच वेळी टेकणारी एक सरळ रेषा मनात काढा. धार त्या रेषेच्या बाहेर आली असेल तर ती त्वचेत घुसू पाहते, आत असेल तर जपून चालते. याला ब्लेड एक्स्पोजर म्हणतात. फट मोठी पण धार रेषेच्या आत, असा रेझर सौम्य वागतो. फट लहान पण धार बाहेर, तर लहान फटीवर विश्वास ठेवून हनुवटी कापून घ्याल. फक्त फटीचा आकडा वाचून निवड करणं म्हणूनच अपुरं आहे.

नवशिक्याने पहिला रेझर सौम्यच घ्यावा, यात मला शंका नाही. कार्ट्रिजवाल्या, म्हणजे अख्खं डोकं बदलायच्या रेझरने हाताला दाबायची सवय लावलेली असते. सेफ्टी रेझर दाबायचा नसतो. स्वतःच्या डोक्याच्या वजनानेच तो चालतो, हाताने फक्त कोन सांभाळायचा. टोपण गालाला सपाट टेकवा, दांडी गालापासून काटकोनात राहील. मग दांडी हळूहळू खाली आणा, धार लागायला लागली की थांबा. ब्लेड आणि त्वचा यांच्यात त्या वेळी साधारण ३० अंशांचा कोन असतो.

सेफ्टी बारऐवजी कंगव्यासारखे दात असलेले रेझरही मिळतात. चार-पाच दिवसांची दाढी आणि जाड फेस त्या दातांतून सहज सरकतो. दात आहेत म्हणून रेझर जास्त तिखट असतो हा समज मात्र खरा नाही. तो परत फट आणि एक्स्पोजरवरच ठरतो. तिरप्या डोक्याचा रेझर केसाला समोरून न भिडता सुरीसारखा सरकत कापतो, म्हणून जोर कमी लागतो. तो दुसऱ्या खरेदीसाठी राखून ठेवा.

धातूबद्दल फार डोकं खपवू नये. स्वस्त आणि मधल्या किमतीचे बहुतेक रेझर झामाक या जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वर क्रोमचा मुलामा. मुलामा शाबूत आहे तोवर उत्तम. तो उडाला की आतलं जस्त गंजतं, आणि फरशीवर पडला तर दांडीत जाणारा आट्याचा स्क्रू तुटतो. पितळ आणि स्टेनलेस स्टील यांना ही भीती नाही, पण त्यांचे पैसे टिकाऊपणाचे आहेत, गुळगुळीत गालाचे नव्हेत. तीन भागांत सुटणारा साधा थ्री-पीस मला बटरफ्लायपेक्षा बरा वाटतो. फिरवल्यावर दारं उघडणाऱ्या बटरफ्लायच्या सांध्यांत साबण अडकतो, आणि आपल्याकडच्या पाण्यात तो अडकला की सहज निघत नाही.

इंदूरच्या माणसाने पाण्याचा विचार रेझरच्याही आधी करावा. माळव्याचं पठार बेसॉल्टचं, दख्खनच्या लाव्हाचं. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यात थोडा कार्बन डायऑक्साइड असतो, तो या खडकातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवून घेतो. म्हणून बोअरचं पाणी कठीण, शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन. १९७८ पासून जलूदहून उपसून आणलं जाणारं नर्मदेचं पाणी नदीचं असल्याने त्यामानाने मऊ असतं. अनेक इमारतींत दोन्ही एकाच टाकीत मिसळतात, आणि मग फेस आज फुलतो, उद्या बसतो.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा चालतो, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. समजा तुमच्या नळाला ३०० आहे. रसायनशास्त्राचा हिशेब केला तर असं एक लिटर पाणी जवळजवळ १.८ ग्रॅम साबण गिळतं आणि त्याचा न विरघळणारा, चिकट कॅल्शियम साबण बनवतं. ब्रशने फेस करायला मात्र लागतं जेमतेम ३० मिलिलिटर पाणी, म्हणजे वाया जातो फार तर ५०-६० मिलिग्रॅम साबण. एवढ्याने काय बिघडणार? बिघडतं, कारण पाण्याला दूर ठेवणारे ते बारीक कण फेसाचे बुडबुडे फोडतात. खरा त्रास पुढे, चेहरा धुताना होतो. तेव्हा लिटरभर कठीण पाणी उरलेल्या साबणावर पडतं आणि त्वचेवर, रेझरच्या फटीत, ब्रशच्या मुळाशी तोच पांढरट थर बसतो.

उपाय स्वस्त आहे. बादलीतल्या हीटिंग रॉडवर जो पांढरा थर जमतो तो उकळताना पाण्याबाहेर पडलेला चुनाच असतो. म्हणून एक वाटी पाणी चांगलं उकळून, निववून, वरचं ओतून घ्या आणि फेस त्यात करा. कठीणपणाचा बायकार्बोनेटवाला हिस्सा बराचसा जातो. फेसाला आरओचं पाणी वापरलं तर आणखी सोपं.

ऊन पाणी दुसरंही काम करतं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याचा ताठपणा मोठ्या प्रमाणात हायड्रोजन बंधांमुळे असतो. पाणी आत शिरलं की ते बंध सैल होतात, केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पितो आणि कापायला पुष्कळ कमी जोर लागतो. त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. जानेवारीत इंदूरला सकाळी बोटं आखडतात, त्या दिवसांत तर आंघोळ आधी आणि दाढी नंतर असाच क्रम ठेवावा.

केस ब्लेडचं काय करतो, हेही पाहण्यासारखं आहे. एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाढीनंतरच्या धारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. केस पोलादाहून सुमारे पन्नासपट मऊ, तरी धारेचे टवके उडालेले होते. केस वाकून धारेशी तिरपा झाला आणि नेमका पोलादाच्या रचनेतल्या असमान जागी भिडला की तिथे ताण एकवटतो आणि टवका निघतो. धार घासून बोथट होते असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा ती तुटत असते.

ब्लेड कुठलं, याचं एकच उत्तर नाही. बहुतेक ब्लेडं साधारण १३ टक्के क्रोमियमच्या स्टेनलेस पोलादाची असतात, धारेवर टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा अतिशय पातळ लेप असतो, पण धार लावण्याचा कोन आणि लेपाची जाडी कंपनीगणिक बदलते. एका चहाच्या पैशात दोन-तीन ब्लेडं येतात, तेव्हा चार कंपन्यांची एकेक पाकिटं आणून प्रत्येकाला आठवडा द्या. रेझर तोच ठेवा, साबण तोच ठेवा. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

दाढी झाल्यावर तुरटी फिरवली तर छोटे ओरखडे थांबतात, कारण तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम जखमेवरची प्रथिनं गोठवतं. रेझर खोलून झटका, पुसायच्या नादात धारेवर टॉवेल फिरवू नका. आणि वापरलेली ब्लेडं एका पत्र्याच्या डब्याला फट पाडून त्यात टाकत जा. इंदूरच्या कचरागाडीला घरगुती धोकादायक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो. डबा भरला की त्याची फट चिकटपट्टीने बंद करून तो गाडीवरच्या माणसाच्या हातात, आत काय आहे ते सांगून द्यायचा.