आकारिक आणि संकलित: प्रगतिपुस्तकातले दोन रकाने

“बाई, पेपर तर छान लिहिला होता, मग ब-1 श्रेणी कशी काय?” हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. पेपर म्हणजे पूर्ण गोष्ट नव्हे, लहान वर्गांत तर अर्ध्याहूनही कमी. महाराष्ट्राच्या राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांत 2010 पासून पहिली ते आठवीचं मूल्यमापन दोन भागांत होतं: सत्रभर चालणारं आकारिक आणि सत्राच्या शेवटचं संकलित. पहिली-दुसरीला 100 पैकी 70 गुण आकारिकचे आणि 30 संकलितचे. तिसरी-चौथीला 60 आणि 40, पाचवी-सहावीला निम्मे निम्मे, सातवी-आठवीला 40 आणि 60. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाला तर संकलित नाहीच.

संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा, बहुतांश लेखी. ती आपल्या ओळखीची आहे, म्हणून घरी चौकशी होते ती तिचीच.

आकारिक मात्र सत्रभर चालू असतं. रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, गटकार्य आणि वेळापत्रक न लावता घेतलेली छोटी चाचणी, हे सगळं त्यात येतं. समजा, तिसरीतल्या मुलाने 52 वजा 27 चं उत्तर 35 लिहिलं. संकलितच्या पेपरात तिथे फुली पडते आणि विषय संपतो. आकारिकमध्ये बाई त्याला विचारतात, “कसं केलंस, सांग बरं.” तो सांगतो, “सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.” मग कळतं की त्याला वजाबाकी येते, हातचा घेणं येत नाही, दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने आकडेच उलटे धरले. बाई त्याच्यापुढे काड्यांचे गठ्ठे ठेवतात, एक गठ्ठा सोडायला लावतात आणि आठवड्याने पुन्हा तसंच गणित देतात. वहीत नोंद होते: ‘हातच्याची वजाबाकी काड्यांच्या मदतीने करतो.’

मला या नोंदी गुणांपेक्षा मोलाच्या वाटतात. म्हणूनच ‘प्रगती समाधानकारक’ असा एकच शिक्का चाळीस मुलांच्या पुस्तकांवर दिसला की वाईट वाटतं. अशा वेळी पालकांनी अवश्य विचारावं: नेमकं काय येतं, कुठे अडतं, घरी काय करून घेऊ? आणि प्रकल्प मुलालाच करू द्यावा. आईने रात्री जागून केलेल्या तक्त्यावरून मुलाला काय येतं ते बाईंना कसं कळणार?

पाचवी आणि आठवीच्या पालकांनी संकलितकडेही नीट लक्ष द्यावं. डिसेंबर 2023 च्या नियमानुसार या दोन इयत्तांच्या वार्षिक परीक्षेत मूल नापास झालं तर त्याला पुन्हा परीक्षेची संधी मिळते; तिथेही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं. हातचा अडतोय हे मात्र ऑगस्टच्या तोंडी कामातच दिसलेलं असतं, त्यामुळे शाळेत चौकशी तेव्हाच करावी.