जुन्या ड्रॅग गाड्यांमध्ये रॅक कसा शिरला

शेव्हरोलेची पहिल्या पिढीची कॅमेरो, म्हणजे १९६७ ते १९६९ ची गाडी, आज ड्रॅगसाठी, म्हणजे छोट्या सरळ पट्टीवरच्या वेगाच्या शर्यतीसाठी, बांधायला घेतली की मूळ स्टीअरिंग बॉक्स काढून रॅक अँड पिनियन (आडवी दातेरी दांडी आणि तिला सरकवणारे छोटे दातेरी चाक) बसवायचा का, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात निघतो. गंमत अशी की खुद्द कारखान्याने कॅमेरोला रॅक दिला तो १९९३ मध्ये, चौथ्या पिढीत. १९८२ ते १९९२ ची तिसरी पिढीसुद्धा बॉक्सवरच धावली. तोपर्यंत धावपट्टीवरच्या कितीतरी जुन्या गाड्यांमधून बॉक्स केव्हाच हद्दपार झाला होता.

युरोपात रॅक खूप आधी रुळला होता. सित्रोएनच्या ट्रॅक्शन अवाँला तो १९३० च्या दशकातच मिळाला, मॉरिस मायनर १९४८ मध्ये रॅक घेऊनच आली आणि १९५९ ची मिनीही. अमेरिकी गाड्या जड, पुढचा भाग लांब, त्यात लोखंडी व्ही-८ इंजिन. तिथे १९४० च्या सुमारास आलेला छर्ऱ्यांचा बॉक्स सोयीचा ठरला. वर्म आणि नट यांच्यामध्ये पोलादी छर्रे फिरत राहतात, त्यामुळे घर्षण कमी होते आणि रस्त्याचे धक्के हातापर्यंत फारसे येत नाहीत. हाताने वळवायच्या कॅमेरोमध्ये या बॉक्सचे प्रमाण सुमारे २४:१ होते, म्हणजे स्टीअरिंग फिरवत बसा. पार्किंगसाठी ठीक. ताशी दीडशे मैलांवर गाडी सरळ धरायला तेच प्रमाण आणि त्यात साठलेला प्ले, म्हणजे ढिलेपणा, नकोसा वाटतो.

पण म्हणून रॅक आला असे समजणे चूक ठरेल. साठच्या दशकातल्या गॅसर नावाच्या ड्रॅग गाड्यांना तर पुढे सरळ एक्सल होता, नाक उंच, आणि स्टीअरिंगच्या नाजूकपणाची कुणाला पर्वा नव्हती. सुटताना पुढची चाके हवेतच असायची. रॅकला दार उघडले ते जागेच्या टंचाईने. मोठ्या ब्लॉकचे इंजिन आणि जाड नळ्यांचे हेडर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) घातले की ड्रायव्हरच्या बाजूला स्टीअरिंग बॉक्स अगदी नळीच्या वाटेत येतो. जुन्या मस्टँगमध्ये स्प्रिंगचे टॉवर आधीच इंजिनची जागा खातात, त्यात बॉक्सची भर. खाली सेंटर लिंकचे, म्हणजे बॉक्सची हालचाल दोन्ही चाकांकडे नेणाऱ्या मधल्या दांडीचे, वेगळेच दुखणे: ती नुसती डावी-उजवीकडे सरकत नाही, बॉक्समधून निघणाऱ्या पिटमन आर्मबरोबर कमानीत झुलते. तेवढी जागा ऑइल पॅनने मोकळी सोडावी लागते. खोल सम्प, म्हणजे पॅनचा तेल साठवणारा भाग, हवा असणाऱ्याला हे फार जाचते.

मग सुटे भाग मिळू लागले. १९७१ ची फोर्ड पिंटो ही स्वस्त छोटी गाडी रॅक घेऊन आली आणि १९७४ मध्ये मस्टँग-२ आली. पुढे भंगारात गेलेल्या या गाड्यांमधून हलके, हाताने चालणारे रॅक सहज मिळत. गाडी म्हणून मस्टँग-२ ची जितकी टिंगल झाली, तितकेच तिचे पुढचे सस्पेन्शन हॉट रॉडवाल्यांनी डोक्यावर घेतले. १९७० मध्ये ड्रॅग शर्यतींचा प्रो स्टॉक वर्ग सुरू झाला होता. त्याच्या गाड्या पुढच्या काही वर्षांत नळ्यांच्या चेसिसवर गेल्या, आणि चेसिसच नवीन म्हटल्यावर स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला सस्पेन्शनचा खांब) आणि रॅक ओघाने आले. १९७९ च्या, फॉक्स नावाच्या चेसिसवरच्या मस्टँगला तर कारखान्यातूनच रॅक होता. ऐंशीच्या दशकापासून ड्रॅग पट्टीवर ती गाडी इतकी लोकप्रिय झाली की जुन्या गाडीच्या मालकाला स्वतःचा बॉक्स अधिकच म्हातारा वाटू लागला.

खरा वाद आहे तो रॅक कुठे बसवायचा यावर. एक्सलच्या रेषेच्या पुढे की मागे? पहिल्या पिढीच्या कॅमेरोत आणि १९६५ च्या मस्टँगमध्ये टाय रॉड, म्हणजे चाके वळवणारे दांडे, चाकांच्या मागे आहेत. मस्टँग-२ आणि फॉक्समध्ये रॅक पुढे आहे. दुसऱ्या पिढीची कॅमेरो १९७० मध्ये आली तेव्हा बॉक्स कायम राहिला, पण टाय रॉड पुढे गेले.

पुढे वापरायचा रॅक तसाच उचलून मागे बसवला तर स्टीअरिंग डावीकडे फिरवल्यावर गाडी उजवीकडे वळते. रॅकची दांडी ज्या बाजूला सरकते ती बाजू तीच राहते, पण चाकाचा स्टीअरिंग आर्म एक्सलच्या मागे गेल्यामुळे चाक उलटे फिरते. म्हणून रॅक उलथा बसवावा लागतो, म्हणजे पिनियन दांडीच्या दुसऱ्या अंगाला येतो. काही जण याऐवजी स्पिंडल (चाक ज्यावर बसते तो भाग) डावे-उजवे बदलून आर्म पुढे काढतात. मग आर्म आतल्या बाजूला झुकलेले राहतात आणि वळणावर दोन्ही चाकांचे कोन एकमेकांशी भांडतात. धावपट्टीवर ते जाणवत नाही, पिटमध्ये गाडी वळवताना टायर घासतात तेव्हा कळते.

याहून गंभीर गोष्ट रुंदीची. रॅकच्या दोन टोकांचे आतले सांधे कुठे येतात यावर सगळे ठरते. वरच्या आणि खालच्या कंट्रोल आर्मच्या, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या वरखाली हलणाऱ्या हातांच्या, आतल्या पिव्हटना जोडणारी रेषा काढली, तर टाय रॉडचा आतला सांधा त्या रेषेवर किंवा तिच्या अगदी जवळ हवा. रॉडची दिशाही आर्मच्या चालीशी जुळायला हवी. रॅक गरजेपेक्षा रुंद असला की टाय रॉड आखूड होतो, त्याची कमान आर्मच्या कमानीपेक्षा तीव्र होते आणि चाक वर किंवा खाली गेले की रॉड स्टीअरिंग आर्मला आत खेचतो. रॅक मागे असेल तर यातून टो-आउट होतो, म्हणजे चाकांची पुढची टोके बाहेर वळतात; पुढे असेल तर टो-इन, म्हणजे ती आत वळतात. यालाच बंप स्टीअर म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीत हा दोष थोडाफार झाकला जातो. ड्रॅग गाडीत तो नेमका वाईट वेळी उघडा पडतो: सुटताना नाक उचलते, चाके पूर्ण खाली लोंबतात, कधी जमीन सोडतात, आणि टो-आउट झालेली चाके परत टेकली की गाडी एका बाजूला झेप घेते. त्यामुळे उभ्या गाडीत टो मोजून समाधान मानणे अगदीच अपुरे. पूर्ण लोंबकळलेल्या अवस्थेपर्यंत मोजायला हवे.

बाजारातल्या बोल्ट करून बसवायच्या किटनी यावर तोडगा काढला तो मध्यातून टाय रॉड निघणाऱ्या रॅकचा. कॅव्हेलियरसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये असे रॅक होते. त्याच्या मधल्या भागाला पट्टी जोडून सांधे मूळ सेंटर लिंकच्या जागी आणता येतात, क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा भाग) कापावा लागत नाही. कल्पना हुशार आहे. मात्र पट्टीमुळे बल दांडीच्या सरळ रेषेत न जाता बाजूने येते आणि दांडीला पिळण्याचा प्रयत्न करते. पट्टी लवचिक असेल तर बॉक्समधला जो प्ले काढायचा होता तोच दुसऱ्या वाटेने परत येतो. शिवाय रॅकचे घर मूळ लिंकपेक्षा जाड असल्याने ऑइल पॅनची अडचण कधीकधी वाढते, आणि बदल तर अनेकांनी तिच्यासाठीच हाती घेतलेला असतो. पुढचा भाग कापून नवा क्रॉसमेंबर घालणारे या किटना नाके मुरडतात ते अगदीच विनाकारण नाही. त्यांच्या गाडीचे मूळपण मात्र कायमचे जाते, आणि खरी जुनी बॉडी कापणे आता पूर्वीइतके सोपे वाटत नाही.

कॉलमचा, म्हणजे स्टीअरिंगपासून खाली येणाऱ्या दांड्याचा, भाग दुर्लक्षित राहतो. बॉक्स चेसिसच्या कडेला होता आणि कॉलम जवळपास सरळ त्यात उतरत होता. रॅकचा पिनियन खाली आणि आत असतो, त्यामुळे हेडरच्या नळ्यांमधून वाट काढत शाफ्टला दोन, कधी तीन युनिव्हर्सल जॉइंट द्यावे लागतात. तीन आले की मध्ये आधाराचे बेअरिंग हवेच, नाहीतर शाफ्ट झोके खातो. जॉइंटची फेज, म्हणजे एकमेकांशी कोनांची जुळणी, चुकली तर स्टीअरिंग फिरवताना हलके-जड असे टप्पे जाणवतात. १९६७ पासून आलेले, धडकेत दबणारे कॉलमही या कामात बरेचदा बळी पडतात आणि त्यांच्या जागी साधी नळी येते. तपासणीला जाणाऱ्या वेगवान गाड्यांमध्ये, म्हणजे पाव मैल ९.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळेत कापणाऱ्या गाड्यांमध्ये, चेसिस बारकाईने पाहिली जाते. हौशी गाड्यांमध्ये ती सोय नाही.

जुन्या काळाशी प्रामाणिक राहण्याचा आग्रह धरणाऱ्या नॉस्टॅल्जिया वर्गांमुळे अलीकडे उलटा प्रवाहही दिसतो. नवे केलेले, कमी प्ले असलेले आणि जलद प्रमाणाचे बॉक्स मिळू लागल्यापासून, हेडर आधी बॉक्सभोवती बेतून पाहावेत आणि रॅक शेवटी विचारात घ्यावा, असे म्हणणारे वाढले आहेत. ज्याच्या गाडीचे इंजिन मूळ जागेवर आहे त्याला ते लागू पडते. इंजिन मागे आणि खाली सरकवले असेल, तर मागच्या बाजूची लिंक तशीही राहत नाही. तिथे पुढचा रॅकच येतो, आणि मग कॅस्टर (चाकाच्या वळणाच्या अक्षाचा पुढे-मागे कल) बदलला की टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाची उंची बदलते, म्हणून बंप स्टीअर पुन्हा मोजायचा.