झाडाखालची सावली, भिंतीआडची सावली

नर्सरीत जाऊन "सावलीत येईल असं काहीतरी द्या" म्हटलं, की सिंगोनियम नाहीतर मनी प्लांट हातात पडतो. दोन्ही परदेशी. देशी झाडं लावायची असतील तर आधी बघायचं, की सावली कुणाची आहे: आंब्याची की भिंतीची? ऊन दोन्हीकडे कमीच, म्हणून आपण दोन्ही जागा एकाच मापाने मोजतो. पण एकीकडे पाण्याची मारामार असते, तर दुसरीकडे पाणी हटता हटत नाही.

आंबा-फणसाखाली जूनच्या हलक्या सरी पोचतच नाहीत, वरच्या पानांवरच जिरतात. बऱ्यापैकी पाऊस झाल्यावरही तिथे खुरपं घालून पाहा. वरचा पाचोळा भिजलेला असतो आणि दोन बोटं खाली माती भुरभुरीत, बारीक मुळांच्या जाळ्याने भरलेली. जे पाणी झिरपतं त्यावर पहिला हक्क झाडाचा. अशा जागी नेचे लावणं म्हणजे रोज पाइप घेऊन उभं राहणं.

इथे पानझडी जंगलातली मंडळी टिकतात. शतावरीच्या मुळांनाच गाठी असतात, त्यात ती पाणी साठवते. चित्रक आणि कोरांटीही चालतात, अडुळसा जरा कडेला, जिथे थोडं ऊन येतं तिथे. (चित्रकाची मुळं उघड्या हाताने हाताळू नका, कातडी भाजते.) माझी आवड मात्र रानहळद. पहिल्या पावसांनंतर ती जमिनीतून वर येते आणि भर पावसाळ्यात गुलाबी तुऱ्याखाली पिवळी फुलं धरते. पाऊस सरला की पानं पिवळी पडून सगळं गडप. गड्डा मात्र खाली जिवंत असतो. झाड मेलं समजून तो उपटणारे खूप, आणि उन्हाळाभर पाणी घालून तो कुजवणारेही. रोप नर्सरीतूनच घ्या, जंगलातून उपटून आणू नका. आणि झाडाखालचा पाचोळा झाडून जाळायचा नाही, तिथलं खत तेच.

भिंतीआड सगळं उलट. पन्हळीचं पाणी, एसीची नळी, मोरीचा ओघळ. कोकणात मोरीच्या पाण्यावर अळू लावतात, त्यामागे हाच हिशेब. अळूशिवाय पिंपळी आणि मंडूकपर्णी इथे जमीन झाकून टाकतात, आणि पेव तर ओलसर जागेत डौलात वाढतं. त्याची पानं खोडाभोवती जिन्यासारखी गोल चढतात, लाल बोंडातून पांढरं, चुरगळलेल्या क्रेपसारखं फूल येतं. 'इन्सुलिन' नावाने विकतात ते पेवाचं ब्राझीलकडचं भावंड, ते गळ्यात पडू देऊ नका. शहरात भिंतीच्या पायथ्याशी बहुधा बांधकामाचा राडारोडाच पुरलेला असतो. खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर अळू लावा, बाकीच्यांसाठी आधी माती बदला.

भिंतीच्या सावलीची आणखी एक गंमत आहे. उत्तरेची भिंत कायम सावलीत असते, असं आपण धरून चालतो. पण मार्चअखेर ते सप्टेंबर सूर्य ईशान्येच्या बाजूने उगवतो आणि वायव्येकडे मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन तिथे येतंच. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस (दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो तो) होऊन गेला, की दुपारचा सूर्यही जुलैअखेरपर्यंत उत्तरेकडे झुकतो. जूनमध्ये ढग येतात म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. मेच्या शेवटच्या पंधरवड्यात मात्र छज्जा नसलेल्या भिंतीलगतची कोवळी पानं करपतात. म्हणून तिथली लागवड मे महिन्यात नकोच, पाऊस स्थिरावल्यावर करा. पहिल्या उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधावी लागेल.

पांगारा, काटेसावर अशा पानं गाळणाऱ्या झाडांखालीही उन्हाळ्यात ऊन उतरतं. पण तेव्हा रानहळद जमिनीखाली झोपलेली असते, तिला त्याचं काही नाही.