वारसास्थळ शिबिरनायक प्रशिक्षण, आंतरराष्ट्रीय

किल्ले, लेणी, देवळे, जुन्या वसाहती अशा ठिकाणी श्रमदानासाठी किंवा माहितीसेवेसाठी येणाऱ्या तरुण स्वयंसेवकांना सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांचे, निरनिराळ्या देशांतील सहभागींना एकत्र आणून घेतले जाणारे निवासी प्रशिक्षण. त्यातून जीर्णोद्धाराचे कारागीर किंवा पुरातत्त्वज्ञ तयार होत नाहीत. तज्ज्ञ आणि हौशी हात यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस तयार करणे, हा त्याचा हेतू असतो. त्या माणसाला मराठीत रूढ नाव नाही. ‘युवा कार्यकर्ता’ म्हटले की मुंबईत पक्षाचा किंवा मंडळाचा कार्यकर्ता डोळ्यांसमोर येतो. शिबिरांतील मुले सरळ ‘कॅम्प लीडर’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत ‘शिबिरनायक’ हा शब्द योजला आहे.

या प्रथेचा उगम कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. बहुतेक इतिहासकार स्विस शांततावादी प्येर सेरेसोल यांच्या १९२०च्या शिबिराकडे बोट दाखवतात. पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या व्हेर्दंजवळच्या एन या फ्रेंच खेड्यात जर्मन स्वयंसेवकांसह काही देशांतील मंडळींनी ढिगारे उपसले, राहण्यासाठी खोपटी बांधली. कालच्या शत्रूने आपल्या गावात राबावे, हे सर्वांच्या पचनी पडले नाही आणि १९२१च्या वसंतात काम आटोपते घ्यावे लागले. या शिबिरातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना आकाराला आली. दुसरे मत मूळ आणखी मागे नेते. युद्धाऐवजी तरुणांची शक्ती श्रमसेवेकडे वळवावी, ही अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९१०मध्ये मांडलेली कल्पना त्यासाठी पुढे केली जाते. ही कल्पना प्रभावी होती खरी, पण ती आणि एनमधील फावडी यांच्यात थेट दुवा जोडणे धाडसाचे ठरेल. श्रमदानाच्या भारतीय परंपरेलाही काही अभ्यासक स्वतंत्र उगम मानतात. दोन्ही प्रवाहांची गाठ मात्र निश्चित पडली. १९३१मध्ये गांधीजी स्वित्झर्लंडला गेले असता सेरेसोल त्यांना भेटले आणि १९३४च्या बिहार भूकंपानंतर स्वतः भारतात येऊन त्यांनी पुनर्वसनाचे काम केले. महाराष्ट्रात १९४१मध्ये स्थापन झालेले राष्ट्र सेवा दल आणि बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथला १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी यांतून शिबिर चालवण्याची जी रीत घडली, ती युरोपीय रीतीची नक्कल नव्हे.

शिबिराचा उगम आणि नायकांच्या प्रशिक्षणाचा उगम या मात्र दोन गोष्टी आहेत. अनेक लेखांत त्यांची गल्लत होते. शिबिरे भरवणाऱ्या संघटना १९४८मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये एकत्र आल्या आणि त्यांची समन्वय समिती स्थापन झाली. नायकांच्या पद्धतशीर तयारीचा आरंभ या काळाच्या आसपास किंवा त्यानंतर धरणे अधिक सयुक्तिक वाटते. वारसास्थळांशी तिचा संबंध फ्रान्समध्ये दृढ झाला. तेथे पडझड झालेल्या गढ्या आणि प्रार्थनामंदिरे स्वयंसेवकांच्या हातून सावरणाऱ्या मंडळांचा ‘रांपार’ हा संघ १९६६मध्ये उभा राहिला.

जागतिक वारसा करार १९७२चा. भारत त्यात १९७७मध्ये सामील झाला. करारातील सत्ताविसावे कलम शिक्षणाद्वारे लोकांच्या मनात वारशाविषयी आदर वाढवण्याचे दायित्व देशांवर टाकते. त्याच धाग्यावर युनेस्कोने १९९४मध्ये युवकांसाठी वारसाशिक्षण कार्यक्रम आणि २००८मध्ये उपरोक्त समितीच्या साथीने वारसा-स्वयंसेवक उपक्रम सुरू केला. युरोपात अशा प्रशिक्षणांना युरोपीय संघाच्या युवक योजनांतून निधी मिळतो आणि २००७पासून सहभागींना ‘यूथपास’ हे प्रमाणपत्र दिले जाते.

प्रशिक्षण साधारणपणे आठवडा-दहा दिवसांचे असते. ओळखीचे खेळ, गटातील तंटे, प्रथमोपचार, दिवसअखेरीचे ‘आज काय शिकलो’ हे बैठे सत्र, यांवर भरपूर लिहिले गेले आहे. त्या मानाने स्थळावरच्या हातकामाकडे प्रशिक्षण-पुस्तिकांचे लक्ष कमी असते. वास्तविक शिबिरनायकाची खरी कसोटी तेथेच लागते, आणि ती मुख्यतः हात आवरण्याची असते. तटात उगवलेल्या पिंपळाचेच उदाहरण घ्यावे. वीस वर्षांचा उत्साही मुलगा रोप धरून हिसका देतो. त्याचे मूळ चुन्याच्या दरजेत हातभर आत गेलेले असते. ते येते ते दोन चिरे सैल करूनच. रोप बुंध्याशी कापायचे, मूळ तज्ज्ञांच्या सल्ल्याने औषध लावून मारायचे आणि पोकळी पुढे चुन्याने भरायची, हा क्रम नायकाला तोंडपाठ हवा. ती पोकळी सिमेंटने बुजवणे आणखी वाईट. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडते. मग ओल दगडातून वाट काढते आणि क्षारांमुळे दगडाचे पापुद्रे सुटतात. तारेचा ब्रश, ॲसिड आणि तैलरंग यांनाही अशीच बंदी असते. शिलालेखाची अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू फिरवण्याची सवय तर सर्रास आढळते. कान्हेरीच्या पुसट ब्राह्मी अक्षरांवर बॅटरी समोरून न धरता भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपी धरली, की खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि अक्षर आपोआप वर येते. असा एक प्रयोग तासाभराच्या व्याख्यानापेक्षा अधिक शिकवतो.

गाळाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कान्हेरीच्या लेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. अशा पोढीतला किंवा किल्ल्यावरच्या टाक्यातला गाळ उपसणे हे दुर्गप्रेमींचे आवडते काम. परंतु गाळ हा थरांनी साचलेला पुरावा असतो. खापरे, नाणी, मणी कोणत्या थरात सापडले याची नोंद न होता पाटी रिकामी झाली, तर तो पुरावा कायमचा गेला. म्हणून लेखी परवानगी आणि जाणकाराची उपस्थिती यांशिवाय पाटीला हात लावू न देणे, हे नायकाचे काम. मुंबईत २०२४मध्ये बाणगंगेचा गाळ काढताना यंत्र तलावात उतरवले गेले आणि जुन्या दगडी पायऱ्यांची मोडतोड झाली. ते काम स्वयंसेवकांचे नव्हते, पण घाईची किंमत काय असते हे त्यातून कळावे.

मुंबईच्या परिसरात या प्रशिक्षणाला विलक्षण विविध क्षेत्र उपलब्ध आहे. घारापुरी (१९८७), छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४) आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारती (२०१८) ही तीन जागतिक वारसास्थळे येथे आहेत. त्यांपैकी घारापुरी प्रशासकीयदृष्ट्या रायगड जिल्ह्यात मोडते. टर्मिनस हे चालते रेल्वेस्थानक. आर्ट डेको इमारतींत कुटुंबे राहतात. तेथे श्रमदानाला वाव नाही. वारसाफेरी, नोंदी, रहिवाशांशी बोलणे एवढेच शक्य. उलट, शिवडीचा किल्ला राज्याच्या, तर कान्हेरी आणि वसई केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढे २०० मीटरपर्यंत निर्बंध आहेत, हे नायकाला ठाऊक असावे लागते.

मनुष्यबळाची उणीव नाही. १९६९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास सेवा देतो आणि सात दिवसांच्या निवासी शिबिराला जातो. मुंबईच्या महाविद्यालयांतील अशी पथके आणि दुर्गसंवर्धन करणारे गट सुट्टीच्या दिवशी किल्ल्यांवर दिसतात. योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना प्रशिक्षण मिळते, परंतु त्याचा रोख समाजसेवेकडे आहे; दगड-चुन्याचे भान त्यात सहसा येत नाही. आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणाचा उपयोग येथे होऊ शकतो, आणि देवघेव दोन्ही बाजूंनी व्हावी असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. नांदत्या देवस्थानात काम कसे करावे, याचा अनुभव युरोपीय पुस्तिकांत विरळा.

२०२५मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक यादीत आले. त्यांतील खांदेरी हा मुंबईला सर्वांत जवळचा. अलिबागजवळच्या थळहून होडीने तेथे जातात. बेटावर दीपगृह आहे, तोफा आहेत आणि कोळी समाजाचे वेताळाचे ठाणेही आहे. साफसफाईला गेलेल्या गटाने तटावरचे गवत कोठवर काढायचे हे संरक्षक खात्याला विचारावे लागते, आणि वेताळापाशी काय हलवायचे नाही हे थळच्या कोळ्यांना.