रेड हाऊस मॉरिसने डिझाइन केलंच नव्हतं

लंडनजवळ बेक्सलीहीथला जे रेड हाऊस आहे ते विल्यम मॉरिसने (१९व्या शतकातला इंग्रज डिझायनर आणि लेखक) स्वतः डिझाइन केलं आणि इंग्लंडमधलं असलं हे पहिलंच लाल विटांचं घर, असं वर्षानुवर्षं फिरतंय. दोन्ही चूक. घर मॉरिसचं, पण आर्किटेक्ट त्याचा मित्र फिलिप वेब, १८५९ला काम सुरू झालं, १८६०ला मॉरिस राहायला आला. आणि "पहिलंच" म्हणाल तर उंच उतरती कौलं, टोकदार कमानी, उघड्या विटा हे सगळं बटरफिल्ड आणि स्ट्रीट या आर्किटेक्टनी पाद्र्यांच्या घरांमध्ये आधीच करून ठेवलेलं, आणि वेब तर स्ट्रीटच्याच ऑफिसात नोकरीला होता, मॉरिसची ओळखही तिथलीच, म्हणजे आयडिया काही आभाळातून पडली नाही. मॉरिसचा हात दिसतो तो आत, भिंतींवरची चित्रं, भरतकाम, रंगवलेलं फर्निचर, त्यातही चित्रकार बर्न-जोन्ससारखे मित्र होतेच, घरसजावटीच्या वस्तू बनवणारी १८६१ची त्यांची फर्म यातूनच निघाली.

मुख्य खोल्या मात्र उत्तरेकडे तोंड करून, तेही इंग्लंडच्या थंडीत! घर देखणं आहे, पण ही वेबची चूकच म्हणायची. मॉरिस १८६५ला लंडनला परत गेला. आता ते घर ग्रेड वन लिस्टेड, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सगळ्यात वरच्या दर्जात आहे, २००३पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे.